पदराआडचे कान

दूध उतू गेलं तेव्हा प्रणोती ओट्याला पाठ लावून मेथी निवडत बसली होती. आत्यांनी सोप्यातून हाक मारली, दुधाकडं बघ म्हणून. ओ नाही. मग जरा वरच्या पट्टीत मारली. तरी ओ नाही. मी परसात धुणं पिळत होते, मला ऐकू गेलं, शेजारच्या तानूकाकूंनाही गेलं असणार, पण दुधापासून हातभर अंतरावर बसलेल्या पोरीला काही पत्ता नाही. दूध ओट्यावरून ओघळून मेथीच्या पाटीत टपटपायला लागलं तेव्हा कुठं ती ताडकन उठली.

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी तेवढ्या दुधासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसतं प्रणोतीच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं बाहेर जाऊन बसल्या. आत्या गप्प बसल्या की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

प्रणोती माझी धाकटी जाऊ. अमरभाऊजींची बायको, घरात येऊन तीन-चार महिनेच झालेली. आमचं गाव विट्यापासून जवळ. इकडं घराआड एक माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुने दागिने वितळवून चोख सोनं काढायचं काम. त्यापायी माणसं पार कुठं कुठं जाऊन राहतात. आमचं दुकान तमिळनाडूत, सेलमला. तिथं माझे हे आणि अमरभाऊजी असे दोघं भाऊ, आणि इथं आम्ही बायका. नव्या सुनेनं पहिलं वर्ष सासूच्या हाताखाली काढायचं, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि वर्ष सरलं की नवऱ्याच्या गावाला जायचं, अशी आमच्या घराची रीत. माझं वर्ष सरलं तेव्हा मी पोटुशी होते, म्हणून राहिले. मग पोरांची शाळा आली, मग आत्यांचे गुडघे आले. हे दिवाळीला यायचे आणि जत्रेला यायचे. ते असो, मी सांगतेय ते प्रणोतीचं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी परीक्षा घेतली. प्रणोती पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती, तिच्या मागं त्यांनी मुद्दाम पितळी तांब्या फरशीवर टाकला. पोरगी दचकली नाही. संध्याकाळी पुन्हा टाकला, तर ही धावत आली, लागलं का म्हणून. आत्यांनी तानूकाकूंचा सल्ला घेतला. तानूकाकूंच्या चुलत सासऱ्यांना म्हणे असाच बहिरेपणा होता, दुपारी कान बंद, ऊन उतरलं की उघडे. पित्तानं होतं. झालं, आत्यांची खात्रीच पटली. मला गोठ्यात गाठून म्हणाल्या, "वैजू, आपल्याला बहिरी पोरगी दिली. बघायला गेलो तेव्हा सकाळची वेळ होती, ध्यानात आलं का? सकाळचीच वेळ दिली होती त्यांनी."

मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. कारण आत्या पुढं जे बोलल्या त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. फसवून दिलेली सून त्या ठेवून घेणार नव्हत्या. बापाला बोलावून घ्यायचं, चार शब्द ऐकवायचे आणि पोरगी त्याच्या पदरात टाकायची. कान बरे होईपर्यंत माहेरी. आणि आमच्या भागात असं "बरं होईपर्यंत" माहेरी गेलेली सून परत आलेली मी तरी बघितली नव्हती.

मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू. त्याला त्या कशाबशा तयार झाल्या.

विट्याला कानाच्या डॉक्टरकडं मीच तिला घेऊन गेले. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी तिच्या कानाकडं, पण पदरातून काय दिसणार? मी हळू आवाजात विचारलं, उलटी होतेय का. लगेच म्हणाली, नाही ताई. म्हणजे ऐकू तर चांगलं येत होतं. डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, बारीक बारीक आवाज ऐकवले. बाहेर येऊन मला म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. हिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत." वर हेही म्हणाले की, पोरगी आमच्याच तालुक्यातली निघाली, हिच्या वडलांच्या गॅरेजात माझी गाडी असते.

बाहेर आल्यावर मी तिला काही विचारलं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतं. गप्प राहिलं की आपणहून बोलतं, असा माझा अनुभव. आणि झालंही तसंच. स्टँडकडं जाता जाता एका मोबाइलच्या दुकानापाशी तिची पावलं रेंगाळली. म्हणाली, "ताई, जरा आत जाऊया का?"

आत गेल्यावर तिनं पदराआड हात घातला आणि कानातून काळा मण्याएवढा तुकडा काढला. मग दुसऱ्या कानातून दुसरा. वायर नाही, काही नाही. ते तुकडे तिनं काउंटरवर ठेवले आणि दुकानदाराला विचारलं की यात आवाज उशिरा येतो, त्याला काही करता येईल का. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. मेथी, तांदूळ, तांब्या, पित्त, सगळं एका झटक्यात.

दुकानदार समजावून सांगायला लागला. बिनवायरचं म्हटल्यावर आवाज हवेतून येणार, थोडा उशीर होणारच. गाण्याला चालतं, खेळाला चालत नाही. खेळायचं तर हे घ्या, म्हणून त्यानं खोक्यातून भलंथोरलं काळं प्रकरण काढलं. डोक्यावरून पट्टा, दोन्ही कानांवर वाटीएवढ्या गाद्या, तोंडापुढं आलेला दांडा आणि खाली लांबलचक वायर. फोनमध्ये खोचायचं, आवाज जागच्या जागी.

मी विचारलं, कसला खेळ? प्रणोतीनं मान खाली घालून सांगितलं. फोनवरचा. एका बेटावर माणसं उतरतात, घरांतून लपतात, एकमेकांवर बंदुका चालवतात. आपल्या बाजूची चार माणसं असतात, ती आपापल्या गावाहून खेळतात आणि बोलतातही. "सगळं आवाजावर असतं, ताई. पायाचा आवाज आला की कळतं कुणीतरी मागं आहे. यात उशिरा कळतं. मी वळेपर्यंत आमचं माणूस मेलेलं असतं."

तिनं ते मोठं प्रकरण डोक्यावर घालून बघितलं. पट्टा बसवायला पदर मागं घ्यावा लागला. दुकानातल्या आरशात ती स्वतःकडं बघत राहिली. मी तिला एवढं बिनपदराचं घरात कधी बघितलं नव्हतं. कपाळ मोठं होतं, केस दाट होते, आणि मान ताठ ठेवायची सवय होती तिला, तीही मला तेव्हाच दिसली. मग तिनं ते काढून ठेवलं. "याच्यावर पदर बसत नाही," म्हणाली, आणि ते दोन काळे तुकडे परत कानात न घालता पिशवीत टाकले.

रस्त्यात मी तिला म्हटलं, तुला बहिरी म्हणतात, तुझ्या बापाला बोलावणार आहेत, आणि तू एका खेळापायी गप्प बसलीस?

"आत्यांना सांगू नका, ताई. डॉक्टर म्हणाले तेवढंच सांगा."

"आणि असं लपवून किती दिवस चालवणार?"

बस आली आणि आम्ही चढलो.

मी आत्यांना डॉक्टर म्हणाले तेवढंच सांगितलं. वाटलं, मिटलं. पण आत्यांनी विचारलं, डॉक्टर कुठला? मी भाबडेपणानं सांगून बसले की हिच्याच माहेरच्या तालुक्यातला, हिच्या वडलांकडं त्याची गाडी असते. आत्यांनी मांडीवर हात मारला. "मग तो काय सांगणार? व्याह्यानं आधीच सांगून ठेवलं असणार त्याला." आता त्यांच्या लेखी कान तर गेलेच होते, वर फसवणुकीचा पुरावाही हाती आला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रणोतीच्या वडलांना फोन लावला आणि रविवारी दुपारी या म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं. आडपडदा त्यांच्या स्वभावात नव्हता. सेलमला मात्र ह्यांच्याच कानावर घातलं. अमरभाऊजींना कळवू नको, तो हळवा आहे, आधी निकाल लावू आणि मग सांगू, असं ठरलं.

मधल्या दिवसांत कुरडया घातल्या. उन्हाचे दिवस, गच्चीवर कापडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि चिमण्या हाकलायला प्रणोतीला बसवलं होतं. मी चहा घेऊन वर चढले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना तिचा आवाज आला आणि मी तिथंच थांबले. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. घरात ती बोलायची ते दाबून, शब्द मोजून. इथं मोकळी बोलत होती, मधेच हसत होती. "अरे, मागं बघू नकोस. मागं मी आहे. तू नुसता पळ." मग थोडं थांबून, "तुला एकट्याला टाकून जाते का मी? वेडा आहेस का?"

आमच्यात नवऱ्याला अरेतुरे करत नाहीत. ही घरात अमरभाऊजींचा विषय निघाला की "हे" म्हणायची, फोनवर "अहो" म्हणायची, तेही चाचरत. म्हणजे हा "अरे" कुणीतरी दुसराच होता. मनातल्या मनात मी पार तिच्या कॉलेजपर्यंत जाऊन आले.

मी पुढं झाले. ती दचकली, फोन पालथा घातला. मी सरळ विचारलं, कोण आहे?

"आमच्या बाजूचं माणूस आहे, ताई. खेळातलं."

"बाप्या आहे?"

"हो."

"लग्नाआधीपासूनचा?"

तिनं पालथा फोन पदराखाली सरकवला. मग म्हणाली, "नाही." एवढंच. चहा घेतला, कपबशी माझ्या हातात परत दिली आणि चिमण्या हाकलायला उठली.

लग्नानंतरचा म्हणजे तर अधिकच वाईट. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा आणखी काहीतरी होतं, पण तेव्हा त्याला नाव द्यायच्या भानगडीत मी पडले नाही. एवढंच ठरवलं की आपण यात पडायचं नाही. बहिरी म्हणून गेली तर बापाची थोडी अब्रू राहील. मी जे ऐकलं ते सांगितलं तर तीही राहणार नाही. मग मी तोंडाला कुलूप घातलं आणि कामाला लागले.

रविवारी जेवणं उरकल्यावर प्रणोतीचे वडील आले. त्यांचं नाव दिगंबरराव. उंच माणूस, हाताच्या नखांत गॅरेजचं काळं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. सोबत कुणाला आणलं नव्हतं. हातात कापडी पिशवी होती. सोप्यात सतरंजी टाकली, पाणी दिलं, पाण्यानंतर चहा दिला नाही. आत्यांनी तसंच सांगितलं होतं. चहा नाही म्हटल्यावर माणसाला कळतं की बैठक कसली आहे. प्रणोती आतल्या दारात उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. मी आत्यांच्या बाजूला बसले.

आत्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. दूध, तांब्या, सकाळची वेळ, डॉक्टर. दिगंबररावांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की लहानपणी ही पोर गल्लीच्या तोंडाला आलेली गाडी आवाजावरून ओळखायची, कुणाची आहे ते सांगायची. हिचे कान कधी गेले ते मला माहीत नाही. माहीत असतं तर लपवलं नसतं. असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक खाकी खोकं काढलं, चिकटपट्टीनं बंद केलेलं, आणि आत्यांच्या पुढं सरकवलं.

"परवा घरी कुरिअर आलं, हिच्या नावचं. हिनंच मागवलंय. म्हणाली, कानाचं आहे, जपून आणा. मी फोडून बघितलं न्हाई. पण तुमचा फोन आधीच आला होता, तवा मी काय ते समजलो. ऐकायचं यंत्र असंल. त्यानं तिला येईल ऐकू. तेवढी सवलत द्या तिला."

आत्या खोक्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघ." पुढं काही बोलायची गरजच नव्हती. बापानं स्वतःच्या हातानं पुरावा आणून ठेवला होता. मला मात्र त्या खोक्यात काय असणार ते ठाऊक होतं. इथं काहीही आलं की आधी आत्यांच्या हातून जातं, म्हणून पोरीनं ते माहेरच्या पत्त्यावर मागवलं होतं. म्हणजे दुकानात जे ठेवून आली ते तिनं पुढं घेतलं होतं. कशासाठी, ते मला कळेना. त्याच्यावर पदर बसत नाही हे तिनंच सांगितलं होतं.

आत्या म्हणाल्या, पोरगी आजच घेऊन जावा. तिचं सामान बांधायला वेळ लागायचा न्हाई.

दिगंबररावांनी मान वर करून प्रणोतीकडं बघितलं. "पोरी, खरंच ऐकू येत न्हाई का गं तुला? मला तरी सांगायचंस." आणि तिच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी आत्यांपुढं हात जोडले. "चूक झाली, विहीणबाई. पदरात घ्या."

काय चूक झाली ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं. नसलेल्या चुकीसाठी त्यानं हात जोडले होते. मला ते बघवलं नाही, मी खाली सतरंजीकडं बघत राहिले.

प्रणोती आतून विळी घेऊन पुढं आली. चिकटपट्टी कापली, खोकं उघडलं. आतून तेच काळं प्रकरण निघालं. सगळ्यांच्या देखत तिनं पदर मागं टाकला आणि तो खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. आत्यांचा श्वास मला ऐकू आला. तिनं वायर फोनला लावली, पट्टा डोक्यावर चढवला, फोनवर बोटं फिरवली. भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर टाकली. मग काहीतरी ऐकून तिच्या तोंडावर जे आलं ते मी गच्चीवर बघायला हवं होतं, म्हणजे माझ्या डोक्यातली कॉलेजची भानगड तिथंच संपली असती.

ती आत्यांपुढं बसली. कानांवरचं ते प्रकरण काढलं आणि न विचारता आत्यांच्या डोक्यावर चढवलं. पिकलेल्या केसांवर तो काळा पट्टा, तोंडापुढं दांडा. आत्यांना विरोध करायचं भान राहिलं नाही.

"ऐका, आत्या," प्रणोती म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं. मी हे ऐकत असते."

मी शेजारीच होते, गाद्यांतून बारीक आवाज बाहेर येत होता. बाप्याचा आवाज, मराठी. "प्रणू, आलीस का? किती वाट बघायची माणसानं? दादा बाजारात गेलेत, भट्टी बंद आहे, तास तरी मोकळा आहे बघ." आणि मग तो हसला.

अमरभाऊजी.

ते बोलत सुटले. आज जेवणात काय होतं, आंबट वरणाला कसे कंटाळलोत, काल तू मला वाचवलंस ती टेकडी, आज मी तुला वाचवणार. आत्या पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. पोरगा मिसरूड फुटायच्या आत सेलमला गेलेला. रोज संध्याकाळी घरी फोन यायचा, तेव्हा थोरला भाऊ शेजारी बसलेला. आईशी, मग बायकोशी, बरं आहे, जेवलो, ठेवतो. आत्यांनी त्याचं असं बोलणं ऐकून किती वर्षं झाली असतील, त्यांनाच ठाऊक. मी त्यांना हात लावला तरी त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"काय गं, दम लागल्यासारखा श्वास का घेतेस?" पलीकडून आवाज आला. "रडतेस? आई बोलली का काही?"

आत्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

प्रणोती बापाकडं बघत सांगत होती, आवाज न चढवता. फोनवर आम्हा दोघांना बोलायला सुचायचं नाही. लग्नाआधी दोनदा भेटलेलो, त्यात काय ओळख होणार? एकदा हे म्हणाले, खेळायला येतं का? तिथं सुचायला लागलं. हात कामात असले की मी नुसती ऐकते. पण दुकानात फोनवर खेळताना कुणी दिसला तर गावाला परत पाठवीन, असं दादांनी सगळ्यांना बजावलंय. भट्टीवरचा एक माणूस तसा पाठवलाही. म्हणून मी गप्प बसले. यांना आजच्या बैठकीचं सांगितलं असतं तर तसेच उठून आले असते आणि काम गेलं असतं. मी बहिरी झाले तर तेवढ्यावर भागत होतं, माहेरी डोक्यावर पदर नसतो, तिथं हे घालून खेळले असते. "पण बाबांनी हात जोडले," ती म्हणाली.

दादा म्हणजे माझे हे, आत्यांचा धनाजी. ते असा दम देणार यात मला नवल वाटलं नाही. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढ्या वर्षांत तिथं भट्टी दुपारची बंद असते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

आत्यांनी तोंडापुढचा दांडा हातानं चाचपला. बहुधा त्यांना तेव्हा कळलं की यातून बोलताही येतं.

"अमर," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या बंदुका थांबल्यासारख्या वाटल्या.

"आई?"

"व्हय." आत्या थांबल्या. आता शिव्या घालणार की रडणार, मला सांगता येईना. दिगंबररावांचे जोडलेले हात अजून अर्धवट तसेच होते. "तिकडं खोली मिळंल का रं? दोघांपुरती?"

अमरभाऊजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आत्यांनी नुसती मान हलवली, त्याला दिसत नाही हे विसरून. मग म्हणाल्या, "धनाजीचं मी बघते. तू खोली बघ." आणि ते प्रकरण डोक्यावरून काढून प्रणोतीच्या हातात दिलं. त्यांचे केस विस्कटले होते, ते त्यांनी नीट केले आणि व्याह्यांकडं वळल्या.

"व्याही, हात खाली घ्या. मीच चुकले." त्यांना असं बोलताना मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. "पोरगी घेऊन जावा म्हणाले होते ना? घेऊन जावा. पण सेलमला. वर्षबिर्ष काही न्हाई. वैजू, चहा टाक."

मी चहा टाकायला उठले. आतून ऐकत होते. दिगंबरराव काहीतरी विचारत होते, हे नक्की यंत्र कसलं, आणि प्रणोती त्यांना समजावून सांगत होती, खेळात अहो म्हणायला वेळ नसतो, अरेतुरेच होतं, हेही. आत्या मधेच हसल्या. मग तिला विचारलं की तुला सगळं ऐकू येतं ना, मग तू त्याला अरेतुरे करतेस तेही मला कधीतरी ऐकव. मी कपांत चहा ओतला आणि तशीच ओट्यापाशी ऐकत राहिले.

माझ्या आत काय होत होतं, हे मला तेव्हा नीट कळलं. गच्चीवर ज्याला मी नाव दिलं नव्हतं तेच. मला त्या पोरीचा हेवा वाटत होता. तिला तिकडं पाठवतायत म्हणून नव्हे, तेही होतं, पण त्याहून जास्त म्हणजे तिनं आपल्या नवऱ्याचं हसणं ओळखीचं करून घेतलं होतं. माझा नवरा हसतो कसा, हे मला आठवून आठवावं लागत होतं.

दिगंबरराव चहा घेऊन गेले, खोली मिळाली की तिला न्यायला यायचं ठरलं. संध्याकाळी प्रणोती तिच्या खोलीत सेलमला न्यायचे कपडे वेगळे काढत होती, बाहेरपर्यंत तिचं गुणगुणणं येत होतं. आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होत्या आणि मी भाकरी थापत होते. त्या आपल्याच नादात बोलत होत्या. खोलीला खिडकी असली पाहिजे, तिथं उकाडा फार. इथली भांडी तिला चार द्यायची. धनाजीला कसं सांगायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं, तेही मला सांगून टाकलं.

मी भाकरी तव्यावर टाकली. मग त्यांच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "आत्या, माझं वर्ष कधीच सरलं."

त्यांचे हात थांबले. लसणाची सालं फडक्यावर पडलेली होती, ती त्यांनी एका जागी गोळा केली. मला वाटलं त्या रागावल्या. पण आवाजात राग नव्हता, खरंच कोडं पडल्यासारखा आवाज होता.

"तू कधी म्हणाली न्हाईस."

मी भाकरीवर पाणी फिरवलं. पोरांची शाळा, त्यांचे गुडघे, पहिलं बाळंतपण, सगळं तोंडाशी आलं होतं. त्यातलं काही काढलं नाही. मी वळले.

"आता म्हणतेय," मी म्हणाले.